गिऱ्हाईक नेमके कोणाचे?

या महिन्याच्या टपालात इंटरनेटवरच्या नव्या कंपन्यांविषयीची पत्रे इतकी आली की अन्य विषयांवरचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : पुण्याच्या उपनगरात आमचे वडिलोपार्जित किराणा दुकान आहे. अलीकडे दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपन्यांची गोदामे आमच्या परिसरात उघडली आणि संध्याकाळचे गिऱ्हाईक निम्म्यावर आले. मुलगा म्हणतो, गाळा भाड्याने देऊन मोकळे व्हावे. आपले मत काय? ‘ओएनडीसी’वर नोंदणी करून काही उपयोग होईल का? (एक दुकानदार, पुणे)

उत्तर : गाळा भाड्याने देण्याआधी आपण दुकानाची वही उघडून एक गोष्ट तपासावी. आपल्या पत्रात ‘संध्याकाळचे गिऱ्हाईक’ असे शब्द आहेत. कामावरून परतताना पाव, दूध, कोथिंबीर नेणारे किंवा फोडणीच्या वेळी जिरे संपल्याचे लक्षात येताच मुलाला दुकानात पिटाळणारे हे गिऱ्हाईक. त्याची गरज घाईची असल्याने ते सर्वांत आधी गेले. महिन्याची यादी देणारी, तांदूळ तळहातावर घेऊन पाहणारी, दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारणारी घरे अजून येतात का, हे वहीवरून कळेल. ती येत असतील तर दुकानाचा पाया शाबूत आहे. तीही गेली असतील तर मुलाचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे लागेल.

या कंपन्यांचे गणित समजून घेतले तर कोठे लढता येते आणि कोठे नाही, हे स्पष्ट होते. आज ब्लिंकिट म्हणून ओळखली जाणारी कंपनी २०१३ मध्ये ग्रोफर्स या नावाने सुरू झाली, तेव्हा ती आपल्यासारख्याच दुकानांतून माल उचलून घरोघरी पोचवत असे. पुढे दुकानदार गळला, कंपनीची स्वतःची गोदामे आली, २०२१ च्या अखेरीस नाव बदलले आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती विकत घेतली. झेप्टो २०२१ मध्ये मुंबईत सुरू झाली. दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात एक गोदाम, त्यात गिऱ्हाइकाला प्रवेश नाही, फळ्यांवर क्रमांक, हातातल्या यंत्रावर ऑर्डर येताच कोणत्या फळीवरून काय उचलायचे याचा क्रम, आणि दाराशी दुचाकीवर थांबलेली मुले, अशी ही रचना आहे. तेथे दर्शनी जागेचे भाडे नाही, गल्ल्यावर बसणारा माणूस नाही, की ‘अमुक साबण आहे का’ या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी नाही.

त्यांची मिळकत तीन वाटांनी येते. पहिली, उत्पादकाकडून मिळणारे मार्जिन. दुसरी, पोचवण्याचे आणि हाताळणीचे आकार. आणि तिसरी, जाहिरात. आपल्या दुकानात दर्शनी फळीवर आपला माल मांडावा म्हणून कंपन्यांचे सेल्समन आपल्याला स्कीम देतात. मोबाइलच्या पडद्यावर वरच्या ओळीत आपले बिस्किट दिसावे म्हणून त्याच कंपन्या ॲपला पैसे मोजतात. माझ्या मते तिन्हींत ही तिसरी वाट सर्वांत भारी आहे, कारण तिच्या मुळाशी एक नोंदवही आहे. कोणत्या सोसायटीतील कोणत्या घरात कोणता चहा, दर किती दिवसांनी आणि कोणत्या दरापर्यंत घेतला जातो, हे त्या वहीत लिहिलेले असते. ही माहिती पूर्वी वाण्याच्या डोक्यात असे आणि तिच्यावरच त्याची पत चाले. माल विकण्याचे काम त्यांनी घेतले, यापेक्षा ही नोंद त्यांच्याकडे गेली, हे आपले खरे नुकसान आहे.

‘गुंतवणूकदारांचे पैसे संपले की या कंपन्या आपोआप बसतील’ अशी आशा अनेक दुकानदार बोलून दाखवतात. तिच्यावर विसंबू नये. सवलती कमी होतील, आकार वाढतील, काही गोदामे बंद पडतील. सवय मात्र राहील. सरकार काही करील, ही दुसरी आशा. परदेशी गुंतवणूक असलेल्या ई-बाजाराने स्वतःचा साठा ठेवून विकू नये, हा नियम २०१८ च्या अखेरीस कडक करण्यात आला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. त्याला उत्तर म्हणून झोमॅटोच्या मूळ कंपनीने, म्हणजे इटर्नलने, २०२५ मध्ये परदेशी मालकी ४९.५ टक्क्यांवर रोखण्याचा ठराव भागधारकांकडून मंजूर करून घेतला. भारतीय मालकीची कंपनी ठरली की स्वतःचा साठा ठेवण्याचा मार्ग मोकळा होतो. ग्राहकोपयोगी मालाच्या वितरकांच्या महासंघानेही स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली आहे. अशा लढती वितरकांनी आणि संघटनांनी लढवाव्यात. एका गाळ्याचे भवितव्य त्यांच्या निकालावर टांगून ठेवू नये.

मग करावे काय? दराच्या आणि वेगाच्या शर्यतीत मुळीच उतरू नये. आपल्या यादीवाल्या घरांचे फोन नंबर, पत्ते आणि नेहमीचा माल एका जागी नीट लिहून काढावा. महिन्याच्या पंचवीस तारखेला व्हॉट्सॲपवर ‘यादी पाठवावी’ एवढा निरोप जावा आणि सामान दुसऱ्या दिवशी घरी पोचावे. महिन्याच्या सामानाला दहा मिनिटे कोणालाच नको असतात. डब्यात बंद नसलेला माल वाढवावा: निवडलेली डाळ, दळून दिलेले पीठ, उपवासाची भाजणी, गावाकडचा गूळ, जुना तांदूळ. या मालाला ठरलेली एमआरपी नसते, ॲपवर त्याची तुलना करता येत नाही आणि त्यात मार्जिनही बरे सुटते. उधारी बंद करू नये, पण तिला मर्यादा घालावी. संध्याकाळच्या पाव-दुधासाठी रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवून वीज जाळण्यात आता अर्थ नाही.

सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ओएनडीसी या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्याविषयी आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. कल्पना उत्तम आहे, कारण तेथे विकणारा एका ॲपवर आणि घेणारा दुसऱ्या ॲपवर असू शकतो, त्यामुळे कोणा एकाची मक्तेदारी राहत नाही. २०२२ मध्ये पाच शहरांत त्याची चाचणी सुरू झाली. परंतु किराणा मालात त्याने ॲपवाल्यांना घाम फोडल्याचे चित्र काही दिसत नाही. नोंदणी करावी, अपेक्षा बेताची ठेवावी.

प्रश्न : वडिलांची नाशिकमध्ये वडापावची गाडी आहे. बंगळूरमध्ये यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, असे ऐकले. आम्हीही क्यूआर कोड काढून टाकावा का? शिवाय ज्या कंपनीचा साउंडबॉक्स गाडीवर आहे ती घरबसल्या कर्ज देऊ करते आहे. घ्यावे का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआयवरील जमेच्या आधारे हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याकडे चार वर्षांतील १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाखांची मागणी करण्यात आली, आणि ताजी भाजी तर करमुक्तच आहे! बंगळूरच्या दुकानांतून कोड उतरले, ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या, आणि अखेर राज्य सरकारला जुनी वसुली न करण्याचे जाहीर करावे लागले.

तरीही कोड काढल्याने आपले उत्तरदायित्व बदलत नाही. केवळ माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. गाडीवर करून दिलेला खाद्यपदार्थ सेवेत मोडतो, त्यामुळे वडिलांना २० लाखांची मर्यादा लागू होते. म्हणजे बाराही महिने गाडी लागली तर रोजचा सरासरी गल्ला सुमारे ५,५०० रुपये. चौकातल्या चालत्या गाडीला हा आकडा अवघड नाही, आणि त्यात रोखीचा गल्लाही धरायचा असतो. मर्यादा ओलांडली जात असेल तर दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेत नोंदणी करून ५ टक्के कर भरावा आणि निर्धास्त राहावे. जवळचा कोणताही कर सल्लागार हे काम करून देईल. वडिलांच्या खात्यात मावशीने पाठवलेले पैसे आणि वडापावचे पैसे एकत्र जमा होत असतील तर धंद्याचे खाते आजच वेगळे करावे. बंगळूरच्या प्रकरणात घरगुती रकमाही उलाढालीत धरल्याची तक्रार अनेकांनी केली होती.

यूपीआयची गोष्ट मला इतर ॲपांपेक्षा निराळी वाटते. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते तिचा आरंभ झाला. नोटाबंदीने आणि त्याच वर्षी स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाने ती घराघरांत नेली. ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार तिच्यावर झाले. ही व्यवस्था बँकांच्या सामाईक संस्थेची, एनपीसीआयची, आहे, कोणा एका कंपनीची नव्हे. जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेण्यासाठी दुकानदाराला शुल्क द्यावे लागत नाही, म्हणून पंधरा रुपयांच्या वडापावालाही कोड परवडतो. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर चालतो. गिऱ्हाईक कोणाच्या दाराशी बांधले जात नाही. अर्थात रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरच्या गाड्या मोजक्यांच्याच आहेत, कारण फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपांवरून सुमारे चार-पंचमांश व्यवहार होतात. कोणाचाही वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये, या एनपीसीआयच्या नियमाची मुदत आता डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलली गेली आहे.

पैसे फुकट पोचवणाऱ्या कंपनीला मिळकत कोठून होते, याचे उत्तर आपल्या दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ असे ओरडणाऱ्या पेटीचे ती महिन्याचे भाडे घेते, आणि गाडीवर सकाळी किती गल्ला जमतो व पावसाळ्यात किती घटतो याची नोंद तिच्याकडे असल्यामुळे कर्जाची शिफारस करते. कर्ज देणारी संस्था बहुधा वेगळी असते आणि हप्ता रोजच्या रोज जमेतून कापला जातो. ज्यांना सावकाराखेरीज कोणी उभे करीत नव्हते त्यांना ही सोय निश्चितच मोठी आहे, परंतु ‘रोज फक्त इतके रुपये’ या भाषेत वार्षिक व्याजदर हरवून जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाबरोबर सर्व खर्चांसह वार्षिक दर दाखवणारे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागावे, वाचावे आणि सहकारी बँकेच्या दराशी ताडून पाहावे. गाडी बंद राहिल्यास हप्त्याचे काय, हेही विचारावे. जमा थेट वडिलांच्या नेहमीच्या बँक खात्यात होईल, असे पाहावे. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले तेव्हा ज्यांची जमा त्याच बँकेत होत होती त्यांना १५ मार्चच्या आत दुसऱ्या बँकेची वाट धरावी लागली होती.

प्रश्न : माझा पदवीधर मुलगा ठाण्यात घरपोच जेवण पोचवण्याचे काम करतो. एका गिऱ्हाइकाने खोटी तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आयडी बंद झाला. दाद कोणाकडे मागायची, हे कोणी सांगत नाही. ही नोकरी आहे की नाही? (एक आई, सातारा)

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने ती नोकरी नाही, आणि आपल्या मुलाच्या सर्व अडचणींचे मूळ तेथेच आहे. स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पेट्रोलने, वाटेल तेव्हा काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक, अशी त्याची कागदोपत्री ओळख असते. प्रत्यक्षात कोणती ऑर्डर कोणाला मिळेल, किती वेळात पोचायचे आणि इन्सेंटिव्ह कशावर, हे सारे ॲप ठरवते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांबाबत नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवून त्यांना किमान वेतनाचा व पगारी रजेचा हक्क दिला. आपल्याकडे तसा निर्णय झालेला नाही.

मात्र पूर्वीइतका अंधार राहिलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये अशा कामगारांची कायद्यात प्रथमच व्याख्या झाली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, पण कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, कल्याण निधीत भरावी, अशी तिच्यात तरतूद आहे. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये असे कामगार ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या लोकांना ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून वाऱ्यावर सोडणे कोणत्याही सरकारला फार काळ परवडणारे नाही. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून दहा मिनिटांचे वचन काढले, तेही कामगारांच्या संपानंतर. ऑर्डरला उशीर झाला म्हणून तगादा लावणारे गिऱ्हाईक आपणच असतो, हे येथे नमूद करून ठेवतो.

मुलाने कामगारांच्या नोंदणीसाठी असलेल्या सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावे. पुढचे लाभ त्या नोंदणीवरूनच मिळणार आहेत. ॲपवरील तक्रार निवारण कक्षाकडे लेखी हरकत पाठवावी, ऑर्डरचे तपशील आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. कंपनीचा अपघात विमा असल्यास तो फक्त ऑर्डर हाती असताना लागू आहे की लॉग-इन असलेल्या सर्व वेळेत, हे पॉलिसीत पाहावे. आयडी पुन्हा सुरू झाला तरी पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग आणि गाडीची घसरणारी किंमत वजा करून तासाला किती उरते, हे एकदा कागदावर मांडायला त्याला सांगावे. पदवी असूनही तो या कामात का थांबला आहे, हा प्रश्न त्यानंतर त्याच्याशी शांतपणे बोलता येईल.

प्रश्न : आमचा महिलांचा बचत गट कोकम आगळ, आमसुले आणि आंबापोळी तयार करतो. मोठ्या संकेतस्थळावर विक्री सुरू केली, पण हाती फारसे उरत नाही. चुकते कोठे? (एक गटप्रमुख, सिंधुदुर्ग)

उत्तर : आपल्या पत्रासोबतच्या हिशेबात कमिशन आहे, कुरिअर आहे, पण परत आलेल्या मालाचा खर्च नाही. गळलेली आगळाची बाटली परत येते तेव्हा जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे आणि बाटली असे तिन्ही बुडते. दुसरे, खोक्याचे माप. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर दर लावतात, आणि आकारमान काढताना बहुधा लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५,००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २० चे खोके म्हणजे ४.८ किलो, आत आंबापोळी तीनच किलो असली तरी भाडे ४.८ किलोचे. मापाचे खोके करून घेतल्यास येथेच बरीच बचत होईल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संकेतस्थळ आपल्याला गिऱ्हाइकाचा फोन नंबर देत नाही, त्यामुळे आमसुले आवडलेली डोंबिवलीची गृहिणी पुढच्या वेळी ‘आमसूल’ असे शोधते आणि पडद्यावर वर दिसेल ते घेते. गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी हे आपले हक्काचे गिऱ्हाईक आहे. त्यांचे नंबर घ्यावेत, मुंबई-ठाण्याच्या मंडळांपर्यंत पोचावे आणि महिन्यातून ठरावीक दिवशी एकत्रित माल एसटीच्या पार्सलने किंवा खासगी बसने पाठवावा. संकेतस्थळ बंद करू नये; तेथे टिकाऊ, न गळणारा आणि हलका माल ठेवावा, आगळ थेट विकावा. ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालील विक्रेत्याला राज्याच्या आत अशा संकेतस्थळावरून माल विकण्यासाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात विकायचे झाल्यास मात्र लागते. अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक लेबलवर हवाच.

प्रश्न : संगणक अभियांत्रिकी पूर्ण केले आहे. स्टार्टअपसाठी गुंतवणूकदार कसा मिळवावा? (एक पदवीधर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपण दोन पानी पत्रात गुंतवणूकदाराचा उल्लेख अनेकदा केला आहे, गिऱ्हाइकाचा एकदाही नाही. फणींद्र समा यांना दिवाळीत गावी जाण्यासाठी बसचे तिकीट मिळाले नाही, आणि कोणत्या बसमध्ये किती जागा शिल्लक आहेत हे एकाही एजंटाला ठाऊक नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले, त्यातून २००६ मध्ये रेडबस निर्माण झाली. शेअर दलालीची झेरोधा २०१० पासून बाहेरच्या गुंतवणुकीशिवाय वाढली. उलट बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये २,२०० कोटी डॉलर मानले गेले आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आधी पैसे देणारी दहा गिऱ्हाइके मिळवावीत आणि मग पुन्हा लिहावे. सरकारी मान्यतेचा अर्ज स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर विनामूल्य होतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

प्रश्न : ॲपवरून औषधे मागवताना मी न मागितलेली देणगी आणि सदस्यत्व बिलात आपोआप आले. हे कायदेशीर आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, नागपूर)

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. न विचारता टोपलीत वस्तू घालणे, ‘शेवटची दोनच उरली’ अशी खोटी घाई करणे, सदस्यत्व घेणे सोपे पण सोडणे अवघड ठेवणे, हे सारे त्या यादीत आहे. बिलाचे आणि त्याआधीच्या पडद्याचे छायाचित्र घेऊन प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे; २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निराकरण दिले पाहिजे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते. सदस्यत्वासाठी दर महिन्याला पैसे कापले जाण्याची परवानगी दिली गेली असेल तर ती यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ या भागात जाऊन रद्द करावी, कारण मूळ ॲप फोनवरून काढून टाकल्याने ती रद्द होत नाही.